नुसत्या डायलवरून घड्याळाचं नाव सांगू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी पाठवलेल्या जुन्या वस्तूंचे फोटो छापून ती वस्तू काय आहे, कधीची आहे ते सांगितलं जातं. ते सदर मी नियमित वाचते आणि ते चालू राहावं असं मनापासून वाटतं. पण मागे एका वाचकाने बिननावाच्या मनगटी घड्याळाचा फोटो पाठवला होता, डायल कोरी, मागच्या झाकणावरही काही नाही, आणि हे कुठलं मॉडेल असा प्रश्न होता. उत्तरात काट्यांचा आकार आणि आकड्यांची ठेवण बघून हे एका मोठ्या स्विस कंपनीचं १९४० च्या आसपासचं घड्याळ असावं असं छापलं गेलं. एवढ्यावरून असं सांगता येत नाही. आणि पेपरात छापून आलं की ते घरोघरी कायमचं होऊन बसतं, मग पुढची पिढी तेच सांगते, विकणारा तेच सांगून विकतो, म्हणून हे पत्र लिहायला बसले. पत्र लांब होतंय पण विषयच तसा आहे.

आधी काट्यांचं आणि आकड्यांचं बघू. एकाच कारखान्यात सगळं घड्याळ तयार होतं ही गोष्ट फार थोड्या कंपन्यांच्या बाबतीत खरी होती. स्वित्झर्लंडमध्ये डायल बनवणारे वेगळे, काटे बनवणारे वेगळे, केस म्हणजे बाहेरची धातूची डबी बनवणारे वेगळे, आणि आतल्या कच्च्या मशीनचे कारखाने तर अगदी स्वतंत्र. ग्रेंशनची ए. शिल्ड ही कंपनी १८९६ ची, फाँतेनमेलाँचा कारखाना १७९३ चा, या दोघांनी ए. मिशेल या तिसऱ्या कंपनीबरोबर १९२६ मध्ये एबोश एसए उभी केली आणि पुढे मशीन बनवणारे कितीतरी कारखाने तिच्यात येत गेले. त्यांच्याकडून मशीन घ्यायचं, इकडून केस, तिकडून डायल, आणि जोडून आपलं नाव टाकून विकायचं, किंवा ज्या दुकानदाराने ऑर्डर दिली त्याचं नाव टाकायचं, किंवा काहीच टाकायचं नाही. म्हणजे तोच काटा, तेच आकडे, तीच केस पंचवीस वेगवेगळ्या नावांच्या घड्याळांवर मिळू शकते आणि मिळतेच. काट्याच्या आकारावरून फार तर काळाचा अंदाज येतो, तोही काटे मूळचेच असतील तर, कारण काटा ही दुरुस्तीत सगळ्यात आधी बदलली जाणारी गोष्ट आहे.

डायल कोरी का असते याचीही कारणं वेगवेगळी असतात आणि ओळख पटवताना आपल्या हातातल्या घड्याळाला त्यातलं कुठलं कारण लागू पडतं हे आधी ठरवावं लागतं. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या स्विस घड्याळांवर बनवणाऱ्याचं नाव नसणं हीच सर्वसाधारण गोष्ट होती, दुकानदारांना स्वतःचं नाव हवं असायचं किंवा कोरी डायल. हान्स विल्सडॉर्फ यांनी १९०५ मध्ये लंडनला विल्सडॉर्फ अँड डेव्हिस सुरू केली, स्वित्झर्लंडमधल्या बिएलच्या एग्लर कारखान्याची मशीनं ते घ्यायचे, रोलेक्स हे नाव १९०८ मध्ये रजिस्टर झालं, तरी त्यानंतरही बरीच वर्षं त्यांच्या पुष्कळ घड्याळांच्या डायलवर काही नसायचं, असलंच तर केसच्या आत डब्ल्यू अँड डी अशी छोटी अक्षरं. सैन्यासाठी बनलेल्या घड्याळांचं आणखी वेगळं. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन ए-११ घ्या, काळी डायल, पांढरे आकडे, नाव कुठेच नाही, पण ते एल्जिन, वॉल्थम आणि बुलोव्हा या तिघांनी बनवलं आणि कोणी बनवलं ते मागच्या झाकणावरच्या कोरीव मजकुरात आणि मशीनवर असतं. तिथे कोरी डायल ही सरकारी अटच होती, त्यावरून ते हलकं किंवा नकली ठरत नाही.

तिसरं कारण म्हणजे नाव होतं आणि गेलं. पूर्वी धातूचं चिन्ह वेगळं करून डायलवर बसवायचे, त्याचे पाय बारीक भोकांत जायचे. बारा आकड्याच्या खाली तिरपा उजेड टाकून भिंगाने बघितलं तर दोन बारीक भोकं दिसतात का बघावं, कधी ती रंगाने बुजलेली असतात तरी खळगा कळतो. छापील नाव पुसलं गेलं असेल तर तिथला पृष्ठभाग बाकीच्या डायलपेक्षा किंचित वेगळा चमकतो. आणि सगळ्यात जास्त सापडणारं चौथं कारण, डायल पुन्हा रंगवली आणि रंगवणाऱ्याने नाव टाकलंच नाही. मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांशी जुळत नसतील, सहाच्या खाली स्विस हा शब्द असायला हवा तिथे नसेल, कडेला रंगवताना धरायला केलेली बारीक खाच असेल, तर ती डायल मूळची नाही असं धरून चालावं आणि मग तिच्यावरच्या कुठल्याच गोष्टीवरून निष्कर्ष काढू नये.

खरी ओळख आत असते. त्यासाठी मागचं झाकण उघडावं लागतं, आणि इथेच लोक घड्याळाची वाट लावतात. झाकण दाबून बसवलेलं आहे की आटे आहेत हे आधी बघा. दाबून बसवलेल्याला कडेला कुठेतरी एक बारीक ओठ असतो, तिथेच पातं लावायचं असतं. आट्याच्या झाकणाला खाचा किंवा सपाट बाजू असतात. आणि काही केसना मागून उघडणारं झाकणच नसतं, मशीन पुढून काच काढून बाहेर येतं. याचा जुना आणि फार महत्त्वाचा नमुना म्हणजे जिनिव्हाच्या फ्रांस्वा बोर्जेल यांची केस, १८९१ चं पेटंट. त्यात चावी बाहेर ओढून मग पुढची दातेरी कडा फिरवली की मशीन कड्यासकट आट्यातून बाहेर येतं. अशी केस कोणी मागून उचकटायला गेलं की मागचा धातू कायमचा चेपतो. बोर्जेलच्या केसमध्ये एफबी ही अक्षरं आणि किल्ली असा शिक्का असतो, म्हणजे डायल कोरी असली तरी केस कोणाची ते नक्की सांगता येतं. ज्याला उघडता येत नाही त्याने घड्याळजीकडेच द्यावं आणि सर्व्हिसिंगसाठी मशीन उघडलेलं असेल तेव्हाच मोबाइलवर फोटो काढून मागावेत, मशीनची मागची बाजू, डायल काढल्यावरची पुढची बाजू, आणि झाकणाची आतली बाजू. हे तीन फोटो डायलच्या शंभर फोटोंपेक्षा जास्त सांगतात.

मशीनवर बघायचं कुठे, तर बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे पुढेमागे झुलणाऱ्या चाकाच्या खाली. मोठ्या पुलांवर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या वरच्या पट्ट्यांवर, चकाकी असते, नक्षी असते, १७ ज्वेल (आतल्या दांड्या ज्यांत फिरतात ते खडे), स्विस वगैरे लिहिलेलं असतं आणि नजर तिथेच जाते, पण मशीन बनवणाऱ्याची खूण बहुतेक वेळा खालच्या प्लेटवर, बॅलन्स व्हीलच्या कडेच्या आड, अगदी छोट्या अक्षरांत मारलेली असते. चाक चालू असेल तर ती चाकाच्या दांड्यांच्या मधून झपझप दिसत जाते, वाचता येत नाही, म्हणून चावी उतरलेली असताना बघावं, उजेड एका बाजूने द्यावा आणि मशीन हळूहळू तिरपं करत जावं. मी एका कोऱ्या डायलच्या घड्याळात हेच केलं तेव्हा आधी नुसता एक ओरखडा वाटला, मग कोन बदलला आणि एएस ही दोन अक्षरं उभी राहिली, त्यांच्या शेजारी ११३०. सेकंदाचा छोटा काटा सहावर, मशीनचा व्यास कॅलिपरने मोजला तर २९ मिलिमीटर. म्हणजे ए. शिल्डचं ११३०, १३ लीनचं, आणि याच्याबद्दल शंका उरत नाही. आता याचा अर्थ काय तर मशीन ओळखलं, घड्याळ नाही. हेच ११३० दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याला दिलेल्या घड्याळांत कितीतरी वेगवेगळ्या नावांखाली आहे, आणि साध्या नागरी घड्याळांतही आहे. त्यामुळे ११३० सापडलं म्हणून ते सैनिकाचं घड्याळ होत नाही. जर्मन भूदलाचं असेल तर झाकणावर डी आणि एच ही अक्षरं आणि नंबर असतो, अशी कुठलीच सैनिकी खूण नसेल तर ती गोष्ट तिथेच सोडावी.

वर लीन म्हटलं ते मशीन मोजायचं जुनं फ्रेंच माप, एक लीन म्हणजे साधारण २.२५६ मिलिमीटर. मशीनचा व्यास डायलच्या बाजूने, केसमध्ये बसतो त्या भागाचा मोजायचा असतो, बाहेरच्या ओठाचा नाही, नाहीतर उत्तर चुकतं. साडेदहा लीन म्हणजे २३.७ च्या आसपास, पावणेनऊ लीन १९.७ च्या आसपास. काही मशीनवर नंबर नसतोच, तेव्हा हे माप, ज्वेलची संख्या, पुलांचा आकार, सेकंदाचा काटा कुठे, एवढ्यावरून शोध सुरू होतो, आणि त्याच्याहीपेक्षा भरवशाची एक गोष्ट आहे जी घरात फोटो काढणाऱ्या कोणालाच माहीत नसते. डायल काढली की चावीच्या बाजूला, किल्ली देणं आणि काटे लावणं यांची अदलाबदल करणारे छोटे लिव्हर असतात, त्यांच्यावर एक पातळ स्प्रिंगची पट्टी स्क्रूने बसवलेली असते. या पट्टीचा आकार प्रत्येक कारखान्याचा, बऱ्याचदा प्रत्येक मशीनचा वेगळा, कुठे ती पक्ष्याच्या चोचीसारखी वाकलेली, कुठे मधे खाच, कुठे दोन भोकं. जुन्या काळी सुटे भाग विकणाऱ्यांनी जे कॅटलॉग काढले त्यांत मशीनचा व्यास आणि या पट्टीचं रेखाटन शेजारी शेजारी छापलेलं असायचं, घड्याळजी पट्टी कागदावर ठेवून जुळवायचा आणि मशीन ओळखायचा. पूल पॉलिश करून, नाव खोडून, दुसरं नाव मारून बदलता येतात, ही पट्टी सहसा कोणी बदलत नाही. म्हणून डायलच्या बाजूचा फोटो मागा असं मी म्हणते.

झाकणाच्या आतल्या मजकुराने तर फार लोक फसतात. फाँ आसिए इनॉक्सिदाब्ल असं फ्रेंचमध्ये लिहिलेलं असतं, म्हणजे झाकण स्टेनलेस स्टीलचं, आणि लोक ते कंपनीचं नाव समजून महिनोन्‌महिने शोधतात. स्टेब्राइट हेही स्टीलचंच नाव. इन्काब्लॉक ही धक्क्यापासून बचाव करणारी रचना, अँटिमॅग्नेटिक, शॉकप्रूफ हे गुण. डेनिसन असं लिहिलेलं दिसलं तर ती बर्मिंगहॅमची केस बनवणारी कंपनी, तिच्या केसमध्ये मशीनं अनेकांची बसली, म्हणून घड्याळ डेनिसनचं होत नाही. किल्लीच्या चित्रात आकडा असेल तर तो जिनिव्हाच्या केस बनवणाऱ्याचा क्रमांक. नंबर तर सगळ्यात फसवे. केसवरचा नंबर आणि मशीनवरचा नंबर हे दोन वेगळे आणि त्यांची वर्षं काढायचे तक्तेही वेगळे, एकाचा नंबर दुसऱ्याच्या तक्त्यात घातला की हवं ते वर्ष निघतं. तीन आकडे झाकण, केस आणि कडं यांवर सारखे असतील तर ते हे भाग एकत्र राहावेत म्हणून घातलेले असतात. आणि टोकदार सुईने हाताने खरवडलेले आकडे, ते घड्याळजींनी दुरुस्तीच्या वेळी घातलेले, त्यात कधी तारीख असते, कधी वहीतला नंबर. ते मॉडेल नंबर नाहीत पण घड्याळ किती वेळा उघडलं गेलं ते कळतं, म्हणून ते घासून काढू नयेत.

सोन्याचांदीची केस असेल तर मात्र नशीब चांगलं, कारण शिक्के बोलतात. स्विस शिक्क्यांत बाईचं डोकं म्हणजे १८ कॅरेट, खार म्हणजे १४ कॅरेट, उभं अस्वल म्हणजे ०.८७५ ची चांदी आणि रानकोंबडा म्हणजे ०.८०० ची. १९०७ च्या मध्यापासून ब्रिटनमध्ये येणाऱ्या परदेशी सोन्याचांदीच्या केसवर तिथल्या तपासणी कचेरीचा शिक्का लागायला लागला आणि त्यात वर्षाचं अक्षर असतं, अक्षराचा साचा, भोवतीची चौकट आणि कुठल्या कचेरीची खूण आहे हे तिन्ही जुळवलं की केस कुठल्या वर्षी तपासली ते नेमकं निघतं. त्याच शिक्क्यात जी.एस. अशी अक्षरं दिसली की लोक ती बनवणाऱ्याची समजतात, ती स्टॉकवेल या माल आणणाऱ्या एजंटची आहेत, आणि त्यांच्या हातून अनेक कारखान्यांची घड्याळं गेली.

अमेरिकेत गेलेल्या स्विस घड्याळांची एक वेगळी सोय आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बॅलन्सच्या पुलावर तीन अक्षरांचा कोड मारलेला सापडतो, तो आयात करणाऱ्याचा. ओएक्सजी म्हणजे ओमेगा, आरओडब्ल्यू म्हणजे रोलेक्स, बीएक्सडब्ल्यू म्हणजे बुलोव्हा. डायल पूर्ण गेलेली असली तरी ही तीन अक्षरं जागेवर असतात.

काळ ठरवायला मशीनमध्येच खुणा असतात. बॅलन्सच्या मधल्या ज्वेलवर वीणेच्या आकाराची बारीक स्प्रिंग दिसली की इन्काब्लॉक, म्हणजे १९३४ च्या आधीचं ते मशीन नाही. बॅलन्सची कडा दोन धातूंची, कापलेली आणि स्क्रू लावलेली असेल तर सहसा जुन्या पद्धतीचं. ऑटोमॅटिक असेल, म्हणजे हाताच्या हालचालीने आतलं वजन फिरून आपोआप चावी बसणारं, आणि ते वजन पूर्ण न फिरता दोन स्प्रिंगांवर आपटून परत येत असेल तर ते साधारण १९५० च्या दशकापर्यंतचं, आणि वजनाच्या मधे पाच छोट्या गोळ्यांचं बेअरिंग असेल तर एटर्नाने १९४८ मध्ये आणलेली रचना किंवा तिच्यानंतरची. क्वार्ट्झ असेल तर डिसेंबर १९६९ च्या नंतरचं, आणि तिथे मशीनवर नंबर बहुतेक वेळा सरळ छापलेला असतो. डायलच्या तळाशी स्विसच्या दोन बाजूंना टी असेल तर चकाकीसाठी ट्रिटियम वापरलंय, ते १९६० च्या दशकापासून पुढे. यांतल्या बहुतेक खुणा याच्या आधीचं नाही एवढंच सांगतात, यानंतर किती वर्षांनी जोडलं ते नाही, कारण मशीनं वर्षानुवर्षं तीच बनत राहायची.

आणि जपानी, रशियन घड्याळांच्या बाबतीत तर कोऱ्या डायलचा बाऊ करायचं कारणच नाही. सेकोच्या झाकणावर १९६० च्या दशकाच्या शेवटापासून चार आकडे, मधे रेघ, पुन्हा चार आकडे असतात, पहिले चार मशीनचे, पुढचे चार केसचे, म्हणजे मॉडेल तिथेच लिहिलंय. सीरियल नंबरचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. दशक कुठलं ते मशीनच्या नंबरवरून ठरवायचं. सोव्हिएत मशीनवर २६०९, २४१४, ३१३३ असे नंबर असतात, त्यातले पहिले दोन आकडे मशीनचा व्यास मिलिमीटरमध्ये आणि पुढचे दोन त्यात काय काय आहे ते, ०९ म्हणजे मधला सेकंद काटा आणि धक्क्यापासून बचाव, १४ म्हणजे त्यात तारीखही. कारखान्याची खूण शेजारी असते. एवढी सरळ पद्धत दुसऱ्या कोणी ठेवली असती तर आमचं काम खूप हलकं झालं असतं.

एक तपासणी मात्र लोक नेहमी विसरतात. मशीन ओळखलं, केस ओळखली, पण ते दोघे जन्मापासून एकत्र आहेत का. मशीन केसमध्ये धरून ठेवणारे दोन स्क्रू असतात, त्यांच्या डोक्यांचा ठसा केसच्या आतल्या कडेवर पडतो. दोनच ठसे आणि ते आत्ताच्या स्क्रूंशी जुळणारे असतील तर चांगलं. त्यांच्याशिवाय आणखी ठसे वेगळ्या जागी असतील तर या केसमध्ये आधी दुसरं मशीन होतं. चावीची दांडी केसच्या भोकातून सरळ जाते की घासून तिरपी जाते तेही बघावं. डायलचे पाय मशीनच्या भोकांत बसलेले आहेत की पाय तोडून डायल चिकटवलेली आहे, हे डायल काढल्यावर लगेच कळतं. डायलच्या पाठीवर बनवणाऱ्याचा शिक्का असू शकतो, पण तो डायल बनवणाऱ्याचा, घड्याळाचा नव्हे.

हे सगळं केल्यावर हातात काय येतं, तर बहुतेक वेळा असं वाक्य येतं की मशीन अमुक कारखान्याचं, अमुक नंबरचं, केस अमुक शहरातली, काळ अमुक वर्षाच्या नंतरचा, जोडणारा अज्ञात. मॉडेल कुठलं याचं उत्तर अशा घड्याळाला कित्येकदा नसतंच, कारण ज्याने ते जोडून विकलं त्याने मॉडेलचं नाव कधी दिलंच नव्हतं, घाऊक मालातलं एक घड्याळ म्हणून ते गेलं. हे लोकांना कमीपणाचं वाटतं आणि मग मोठ्या कंपनीचं नाव चिकटवायचा मोह होतो. त्यावर एक साधी कसोटी आहे. मोठ्या कंपन्या स्वतःच्या मशीनच्या पुलावर नाव कोरायच्या आणि झाकणाच्या आत केसचा क्रमांक मारायच्या. सुरुवातीच्या काळातले अपवाद सोडले तर डायल कोरी, पूल कोरा आणि झाकणही कोरं असं असेल तर ते त्या मोठ्या कंपनीचं नाही असंच धरावं. आणि मशीनवर नाव सापडलं तर लाँजीनसारख्या कंपनीकडे सीरियल नंबर पाठवून तिच्या जुन्या नोंदवहीत काय आहे ते विचारता येतं, अमेरिकन एल्जिन आणि वॉल्थमच्या मशीन नंबरवरून वर्ष आणि दर्जा निघतो. तिथे अंदाजाची गरजच उरत नाही.

मला खरा राग येतो तो कोऱ्या डायलवर नाव छापून घेण्याचा. दुरुस्ती करता करता कोणी सुचवतं की एखादं चांगलं नाव टाकून देऊ, आणि मालकाला बरं वाटतं. पण त्या क्षणी त्या घड्याळाची खरी ओळख शोधायची शेवटची जागा बुजते, जुन्या चिन्हाची भोकं भरली जातात, मूळ छपाईची पुसट खूण घासून जाते, डायलच्या पाठीवरचा शिक्काही रंगाखाली जातो. तेच झाकण पॉलिश करण्याचं, शिक्क्याची अर्धी अक्षरं गुळगुळीत झाली की वर्ष कायमचं गेलं. आणि दुसऱ्या बाजूला असेही लोक आहेत की नाव नाही म्हणून भंगारात देतात, आत कधीकधी फार सुरेख, पूर्ण ज्वेलचं, हाताने पॉलिश केलेलं मशीन असतं. दोन्हीचं कारण एकच, सगळी किंमत नावाला दिलेली. पूल किती स्वच्छ कापलेत, कडा मोडल्यात की नाही, स्क्रूंची डोकी कशी आहेत, हे बघायला नाव लागत नाही.

आता आपल्याला विनंती. सदरात घड्याळाचा फोटो आला तर पाठवणाऱ्याकडून आधी उघडलेल्या मशीनचा, शक्य असेल तर डायलच्या बाजूचा आणि झाकणाच्या आतला फोटो मागवा, मशीनचा व्यास मिलिमीटरमध्ये मागवा, आणि चावीशिवाय केसचा व्यासही. फोटो खिडकीजवळच्या मऊ उजेडात, सरळ वरून काढलेला असावा, फ्लॅशने अक्षरं नाहीशी होतात. हे मिळालं नाही तर माहिती अपुरी आहे असं स्पष्ट छापा, त्यात सदराचा काही कमीपणा नाही. मशीन सापडलं आणि जोडणारा सापडला नाही तर तेवढंच छापा, वाचक समजून घेतील. आणि अंदाज छापायचाच असेल तर तो कशावरून केला तेही सोबत छापा, म्हणजे ज्याला जास्त माहिती आहे तो पत्र पाठवून दुरुस्त करू शकेल.

शिवाय सदराच्या खाली एक कायमची सूचना टाकावी असं मला फार वाटतं. १९६० च्या दशकापर्यंतच्या पुष्कळ घड्याळांच्या आकड्यांवर आणि काट्यांवर रेडियमचा रंग असतो. तो अंधारात चमकत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण चमक जाते ती त्यातल्या झिंक सल्फाइडची, रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. आकड्यांचा रंग करपल्यासारखा तपकिरी झालेला असेल, किंवा काटा बराच काळ एका जागी थांबून डायलवर त्याची जळकी सावली उमटली असेल, तर घरी काच काढू नका, रंग खरवडू नका, फुंकर मारून धूळ उडवू नका, मुलांच्या हातात देऊ नका. रेडियमच्या कामाची माहिती असलेल्या घड्याळजीकडेच उघडायला द्या आणि देतानाच त्याला तसं सांगा.

आपली,
एक नियमित वाचक